दृष्ट उपायाचे उणेपण

ईश्वरकृष्णाने आपल्या सांख्यकारिकेचा आरंभ ज्या प्रश्नाने केला आहे तो प्रश्न पंचवीस-सव्वीस वर्षे वर्गात शिकवूनही मला कधी आपला वाटला नव्हता. त्रिविध दुःखाचा आघात होतो म्हणून त्याच्या निवारणाच्या उपायाची जिज्ञासा उत्पन्न होते, हे त्याचे पहिले विधान. त्यावर कोणी व्यवहारी मनुष्य असा आक्षेप घेतो की, दुःख घालविण्याचे डोळ्यांना दिसणारे उपाय जगात उपलब्ध असताना हा तत्त्वचिंतनाचा खटाटोप हवा कशाला. आणि त्या आक्षेपाला त्याचे उत्तर एवढेच की, दृष्ट उपाय ऐकान्तिक नाही आणि आत्यन्तिकही नाही, म्हणजे तो खात्रीने लागू पडेल असे नाही आणि लागू पडला तरी दुःख पुन्हा उद्भवणार नाही असेही नाही. विद्यार्थ्यांना मी या ठिकाणी हिवतापाचे आणि काढ्याचे उदाहरण देऊन पुढे जात असे. गेल्या पौषात, ओटीपोटावर हार्मोनची पट्टी चिकटवलेली असूनही, रात्री अडीच वाजता छातीपासून कानशिलांपर्यंत चढत गेलेल्या वाफेने मी उठून बसले, पांघरूण भिरकावले, खिडकी उघडली, आणि पाच मिनिटांनी त्याच खिडकीच्या वाऱ्याने हुडहुडी भरून तेच पांघरूण अंधारात चाचपू लागले, तेव्हा ती कारिका मला प्रथमच कळली असे म्हणावे लागेल. कारण पट्टी हा दृष्ट उपाय होता, पहिले दोन महिने तो लागूही पडला होता, आणि आता तो ऐकान्तिक नाही याचा दाखला ओल्या उशीच्या रूपाने माझ्यासमोर रुजू होता.

वाचस्पतिमिश्राने या कारिकेवर टीका लिहिताना, दृष्ट उपाय किती सुलभ आहेत हे पूर्वपक्षाच्या तोंडून सांगविले आहे. शरीराच्या दुःखासाठी थोर वैद्यांनी सांगितलेले शेकडो उपाय आहेतच, आणि मनाच्या संतापासाठी मनोहर स्त्री, पेय, भोजन, उटी, वस्त्रे, अलंकार यांची प्राप्ती हा उपाय आहे, असे तो म्हणतो. ज्या यादीत स्त्री औषध म्हणून दाखल झाली आहे त्या यादीत ती रोगी म्हणून कोठून येणार? याच वाचस्पतीविषयी परंपरा अशी कथा सांगते की, ब्रह्मसूत्रभाष्यावरील टीका लिहिण्यात तो इतका गढून गेला होता की, दिव्यात तेल घालणारी ही बाई आपली पत्नी आहे याचे भान त्याला ग्रंथ पुरा झाल्यावर, तिचे केस पिकल्यावर आले, आणि मग पश्चात्तापाने त्याने त्या टीकेला तिचे नाव दिले: भामती. कथेच्या ऐतिहासिकतेचा हवाला मी देत नाही. परंतु ती खरी धरली तर केस पिकण्याची ती वर्षे म्हणजे नेमकी हीच वर्षे. आणि समईशी वाकलेल्या त्या कपाळावर आलेला घाम ज्योतीच्या आचेने आला होता की आणखी कशाने, हे विचारण्याची फुरसत त्या घरात कोणाला नव्हती.

आपल्या भाषेने या अवस्थेला रजोनिवृत्ती असे मोठे तात्त्विक नाव देऊन ठेवले आहे. निवृत्ती या शब्दाला आपल्याकडे केवढा मान! टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात बसून जो ग्रंथ लिहिला आणि जो १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला त्यात निवृत्तिमार्गाशी वाद घालण्यासाठी त्यांना शेकडो पृष्ठे खर्ची घालावी लागली, इतका तो पक्ष प्रबळ. सरकारी नोकरीतल्या निवृत्तीचाही एक डौल आहे. तिची तारीख आधी कळते, निरोपाचा समारंभ होतो, निवृत्तिवेतनाचा हुकूम निघतो. रजाच्या निवृत्तीची तारीख मात्र सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे मागाहून ठरते, आणि तोपर्यंत आपण कामावर आहोत की बरखास्त झालो आहोत हे कळायला मार्ग नसतो. सामान्य बायका 'पाळी गेली' एवढेच म्हणतात, आणि मला वाटते तेच अधिक प्रामाणिक आहे, कारण गेलेले काय आणि उरलेले काय यांचा निवाडा त्या शब्दांत आधीच करून टाकलेला नसतो.

'हे नैसर्गिकच आहे' हे वाक्य या काळात स्त्रीला जितक्यांदा ऐकावे लागते तितके दुसरे कोणतेही लागत नसेल. आणि ते ऐकविणाऱ्याच्या मनात त्याचा उत्तरार्ध, 'तेव्हा सोसावे', हा गृहीतच असतो. सुश्रुतानेही रज बाराव्या वर्षानंतर सुरू होते आणि पन्नाशीत शरीर जरेने पक्व झाले म्हणजे क्षय पावते असे सांगून ते रोगांत न घालता वयाच्या क्रमात घातले आहे. भारतीय स्त्रीची पाळी सरासरीने ४६-४७ च्या सुमारास जाते, हे आजच्या पाहणीतले अंतर सोडले तर त्याच्या विधानात बदलण्यासारखे फार नाही. पण त्याच सुश्रुताने ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात व्याधी कशाला म्हणावे हे सांगताना, ज्याच्या संयोगाने पुरुषाला दुःख होते तो व्याधी, अशी व्याख्या केली आणि व्याधींच्या चार वर्गांत एक वर्ग स्वाभाविक व्याधींचा मानला. त्या वर्गात त्याने कोणाची नावे घातली आहेत? क्षुधा, तहान, जरा, मृत्यू, निद्रा. अर्थात भूक ही स्वाभाविक आहे आणि व्याधीही आहे, आणि तिचे औषध अन्न. भुकेल्याला 'भूक नैसर्गिक आहे' असे सांगून दारातून परत पाठविणाऱ्याला आपण तत्त्वज्ञ म्हणत नाही. स्वाभाविकपणा हा प्रतिकाराचा निषेध नव्हे, एवढे त्या जुन्या शल्यचिकित्सकाला स्पष्ट दिसत होते. ते आपल्या सुशिक्षित घरांतून दिसेनासे का झाले हा विचार करण्यासारखा विषय आहे.

उलट टोकाचा अविवेकही घडून गेलेला आहे. गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेले इस्ट्रोजेन १९४२ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मान्य झाले, आणि १९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन या डॉक्टरने सदैव स्त्रीत्व देऊ करणारे पुस्तक लिहून पाळी जाणे हा केवळ एका द्रव्याच्या अभावाचा रोग आहे, ते द्रव्य भरून दिले की जरा तहकूब होते, असा डंका पिटला. ही अमृताची आशा होती, आणि अमृताच्या आशेला जे फळ येते तेच तिला आले: जुलै २००२ मध्ये सोळा हजारांहून अधिक स्त्रियांवर चाललेली मोठी चाचणी, स्तनाच्या कर्करोगाचा आणि हृदयविकार, पक्षाघात व रक्ताच्या गाठींचा धोका वाढलेला दिसल्यावरून मुदतीपूर्वी थांबविण्यात आली, आणि कालचे अमृत एका दिवसात हलाहल ठरले. त्या चाचणीतल्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, म्हणजे पाळी नुकतीच गेलेल्या स्त्रियांचा तो दाखला नव्हता, आणि साठीच्या आतल्या किंवा पाळी जाऊन दहा वर्षे न झालेल्या, अन्यथा निरोगी पण त्रस्त स्त्रियांना धोक्यापेक्षा लाभ बहुधा अधिक, हा विवेक पुढे सावकाश आला. तोवर कित्येकींनी गोळ्या केराच्या टोपलीत टाकल्या होत्या.

आता मूळ प्रश्नाकडे येते. औषध 'कमी पडते आहे असे वाटते' या वाक्यातला 'वाटते' हा शब्द मला दार्शनिक दृष्ट्या फार अवघड वाटतो. दुसऱ्याचा ताप हाताला लागतो; माझी वाफ मलाच कळते, इतरांनी लालसर चेहऱ्यावरून तिचे केवळ अनुमान करावयाचे. पण माझे प्रत्यक्ष तरी निर्दोष आहे काय? अनेक चाचण्या एकत्र तोलून पाहणाऱ्यांना असे आढळले की, हार्मोनने वाफांची आठवड्यातली संख्या निःसत्त्व गोळीच्या तुलनेने सुमारे ७५ टक्क्यांनी उतरते. परंतु ज्यांना गोळीच्या नावाखाली काहीच दिलेले नव्हते त्यांच्याही वाफा चाचणीअखेर निम्म्याहून अधिक कमी झाल्या होत्या. आशा, काळाची गती आणि कोणीतरी आपली नियमित विचारपूस करते आहे ही गोष्ट, यांचा वाटा त्यात किती, हे कोण वेगळे काढणार? आणि या आकड्याची दुसरी बाजू अशी की, जिला दिवसाकाठी बारा वाफा येत होत्या तिला उत्तम गुण आला तरी तीन उरतात. त्या तिन्ही जर रात्री बारा ते चारमध्ये आल्या, तर सकाळी ती 'काही उपयोग नाही' असेच म्हणेल, आणि ते असत्य आहे असे तिला कोणत्या तोंडाने सांगावे?

नैयायिकांनी स्मृतीला प्रमेत बसविले नाही. आठवण ही पूर्वीच्या अनुभवाची सावली, नवे ज्ञान नव्हे, असे त्यांचे म्हणणे. चरकाने मात्र चिकित्सेचे वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी असे चार पाय सांगून रोग्याच्या अंगी जे चार गुण हवेत म्हणून म्हटले त्यांतला पहिला स्मृती हा आहे; पुढचे सांगितलेले पाळणे, भिऊन न जाणे, आणि चौथा ज्ञापकत्व, म्हणजे आपले दुखणे दुसऱ्यास कळवता येणे. माझ्या डॉक्टरीणबाईंनी या दोन शास्त्रांमधला तंटा दोन रुळांच्या वहीने मिटविला. तारीख, वेळ, वाफ किती मिनिटे, झोप किती वेळा मोडली, एवढे महिनाभर लिहून आणा म्हणाल्या. आणि वही उघडल्यावर मला जे कळले ते असे की, पट्टी बदलण्याच्या आदल्या दोन रात्रीच तेवढ्या वाईट होत्या, उरलेल्या बऱ्या, आणि माझ्या स्मृतीने त्या दोहोंच्या जोरावर सबंध महिन्यावर जप्ती आणली होती.

पट्टी घामाने कडेला सुटत होती, इतके ते साधे कारण निघाले. पण त्या निमित्ताने डॉक्टरीणबाईंनी जी उलटतपासणी केली तिची कैफियत येथे नोंदवून ठेवण्यासारखी आहे, कारण औषधावर फिर्याद करण्यापूर्वी इतके साक्षीदार तपासावे लागतात हे मला ठाऊक नव्हते. औषध सुरू करून तीन महिने तरी झाले आहेत ना. मात्रा आरंभीचीच अल्प राहून गेली आहे काय. कातडीतून शोषण नीट होत नसेल तर जेल किंवा गोळी घ्यावी काय. पाळी अद्याप पुरती गेलेली नसून बीजांडे स्वतःच लहरीने कधी अधिक, कधी उणे इस्ट्रोजेन सोडीत आहेत काय. क्षयावरचे रिफॅम्पिसिन किंवा अपस्मारावरची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांसारखी औषधे चालू आहेत काय, कारण ती यकृताला हार्मोन लवकर मोडून टाकायला लावतात. आणि हा घाम, ही धडधड थायरॉईड ग्रंथीच्या अतिरेकाची तर नव्हे, हा थकवा रक्तक्षयाचा तर नव्हे, हे रात्रीचे जागणे घोरण्यात श्वास अडखळण्याचे तर नव्हे? योनीचा कोरडेपणा आणि लघवीची आग यांना अंगावरच्या पट्टीने पुरता गुण येत नाही, त्यांना त्या जागीच लावण्याचे औषध निराळे लागते, हेही त्यांनी सांगितले, आणि ते सांगताना आवाज खाली केला नाही याचे मला बरे वाटले. शेवटी त्यांनी एक असा प्रश्न केला की जो कोणत्याही प्रयोगशाळेत तपासता येणार नाही: या पट्टीने काय काय बरे व्हावे अशी तुमची अपेक्षा आहे? मी सांधे म्हणाले, झोप म्हणाले, आणि मग जे ओठांवर आले ते गिळले, कारण मुलगा परगावी गेल्यापासून घर मोठे वाटू लागले आहे हा पट्टीचा गुन्हा नव्हता.

वाफ येते कशी, याचे आजचे विवरण ऐकले तर वेदान्त्याला त्यात आपला दृष्टान्त सापडेल. मेंदूच्या तळाशी बदामाएवढा जो हायपोथॅलॅमस आहे तो देहाच्या उष्णतेची वहिवाट पाहतो. घाम केव्हा सोडावा आणि कापरे केव्हा भरावे या दोन मर्यादांमध्ये ज्यांना वाफा येत नाहीत अशा स्त्रियांत सुमारे ०.४ अंशाचा पट्टा रॉबर्ट फ्रीडमन यांना मोजमापात आढळला, आणि वाफा येणाऱ्या स्त्रियांत तो जवळजवळ नाहीसाच झालेला आढळला. इस्ट्रोजेनचा लगाम सुटल्याने तेथील काही चेतापेशी अतिरिक्त चेतून न्यूरोकायनिन नावाचे द्रव्य अधिक सोडू लागतात, आणि मग जिन्याच्या चार पायऱ्यांचे निमित्त झाले तरी देह आग लागल्याचा पुकारा करतो. आग नसते, घाम मात्र खरा असतो. हा रज्जुसर्पच म्हणावा, तर दोरी ओळखली की सर्प नाहीसा होतो, आणि येथे तर सारे ओळखूनही वाफ यावयाची ती येतेच. तेव्हा याला दुसरा दृष्टान्त हवा, आणि तोही परंपरेने देऊन ठेवला आहे: जास्वंदीच्या फुलाजवळ ठेवलेला स्फटिक तांबडा दिसतो, आणि तो तांबडा नाही हे पक्के ठाऊक असलेल्यालाही, फूल जवळ असेपर्यंत, तांबडाच दिसत राहतो. या सोपाधिक भ्रमात ज्ञानाने दिसणे बदलत नाही; दिसण्याने जी धांदल उडते ती बदलू शकते. वाफांसाठी जी मानसोपचाराची पद्धत इंग्लंडात तपासली गेली तिचा निष्कर्ष मी वाचला तेव्हा चकित झाले: त्या पद्धतीने वाफांची संख्या फारशी घटत नाही, त्यांचा जाच घटतो. चरक ज्याला सत्त्वावजय म्हणतो, मनाला अहितकर विषयांवरून आवरून धरणे, त्याचीच ही आधुनिक सनद नव्हे काय?

परंतु येथेच पाय घसरण्याचा संभव आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात शीतोष्णाचे स्पर्श येणारे-जाणारे आहेत, ते सहन कर, असे अर्जुनाला सांगितले आहे. आणि शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या विवेकचूडामणीत तितिक्षेचे लक्षण, सर्व दुःखे प्रतिकार न करता, चिंता आणि विलाप यांवाचून सोसणे, असे केलेले आहे. आमच्या आयाबायांनी हे लक्षण न वाचताच पाळले, आणि त्यांचे कौतुक करणारे लेख मी वाचले आहेत. मला ते कौतुक मान्य नाही. विवेकचूडामणीतला साधक तितिक्षा पत्करतो. प्रतिकार त्याला उपलब्ध असतो आणि तो स्वखुशीने सोडतो. जिला प्रतिकार आहे हेच कोणी सांगितले नाही, जिच्या चिडचिडीला स्वभाव म्हटले गेले आणि धडधडीला ढोंग, तिचे सोसणे ही साधना नसून वेठ होती. बारा महिने तेरा काळ ज्या देहाला विटाळाचे माप लावले, त्या देहाचे रज थांबले म्हणजे बाई 'मोकळी' झाली असे म्हणावयाचे, भाद्रपदात ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे न खाता तिने त्या सरलेल्या काळातल्या दोषांचे क्षालन करावयाचे, आणि त्याच रात्री ती घामाघूम होऊन उठली तर त्याचे नाव मात्र कोठल्याच पोथीत नसावयाचे, हा शिरस्ता मला उफराटा वाटतो. सोयराबाईने विटाळ देहातच जन्मतो तर सोवळा कोण, असे सातशे वर्षांपूर्वी विचारून ठेवले आहे. त्या प्रश्नाला समर्पक जबाब अद्याप कोणी दिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. आणि ज्या गीतेत शीतोष्ण सोसायला सांगितले तिच्याच सहाव्या अध्यायात आहार, विहार, निद्रा आणि जागरण मापात असणाऱ्याचाच योग दुःखनाशक होतो असेही सांगितले आहे. जिची झोप रात्रीतून चारदा मोडते तिच्या निद्रेला माप कोणते? तिने आधी निद्रेचे औषध शोधावे, तितिक्षेला पुढे अवकाश पुष्कळ आहे.

ईश्वरकृष्णाशी माझा मतभेद आहे तो याच ठिकाणी. दृष्ट उपाय खात्रीचा नाही आणि कायमचा नाही, येथपर्यंत तो म्हणतो ते अक्षरशः खरे. परंतु तेवढ्यावरून तो एकदम प्रकृति-पुरुषांच्या विवेकाकडे झेप घेतो, आणि खात्रीचा नसलेला उपाय व कुचकामाचा उपाय यांच्यामधला सगळा मुलूख, ज्यात माणसे प्रत्यक्ष राहतात, त्याच्या झेपेखालून निघून जातो. वैद्यकाने त्या मुलखाला नाव दिले आहे. साध्य आणि असाध्य यांच्यामध्ये त्याने याप्य म्हणून एक कोटी मानली: जो रोग जात नाही, पण उपचार चालू असेतोवर आवाक्यात राहतो. सुश्रुताने त्याला दिलेली उपमा कोसळू पाहणाऱ्या घराला नीट लावलेल्या टेकूची आहे. टेकू लावल्याने घर नवे होत नाही, आणि म्हणून टेकू फसला असेही कोणी म्हणत नाही. वाफा सुरू झालेल्या अमेरिकन स्त्रियांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतलेल्या एका मोठ्या अभ्यासात वाफांचा मध्यम कालावधी ७.४ वर्षे भरला. इतकी वर्षे एकाच खांबावर भार टाकणे शहाणपणाचे नाही. हार्मोन पुरत नाही, किंवा स्तनाच्या कर्करोगामुळे, रक्ताच्या गाठींमुळे ते वर्ज्यच आहे, अशा स्त्रियांसाठी इतर टेकू आहेत: अल्प मात्रेतली काही नैराश्यावरची औषधे, रात्रीच्या वाफांसाठी गॅबापेन्टिन, आणि मे २०२३ मध्ये अमेरिकेत मान्य झालेले फेझोलिनेटन्ट, जे थेट त्या न्यूरोकायनिनचीच वाट अडविते, मात्र ज्याच्यासाठी यकृतावर नजर ठेवावी लागते. कोणता टेकू कोणत्या भिंतीला, हे डॉक्टरांनी ठरवावे. उरलेले टेकू घरगुती आहेत: सुती चादर, उशाशी पाण्याचा तांब्या, आणि अंगाला लागू नये म्हणून दोन बोटे सैल ठेवलेला गळा.

माझी आई आता ब्याऐंशी वर्षांची आहे. मी शाळेत असताना ती कित्येक वर्षे, ऐन थंडीतसुद्धा, गादी सोडून स्वयंपाकघरातल्या शहाबादी फरशीवर निजत असे, आणि आम्ही भावंडे त्याला आईचा विक्षिप्तपणा म्हणत असू. माझी वही टेबलावर उघडी राहिली होती. तिने चष्मा लावून रकाने वाचले आणि हे काय म्हणून विचारले. मी सांगितले, आणि मग एकाएकी ती फरशी आठवून विचारले, "आई, तू खाली का निजायचीस?"

"अगं, फरशी गार असायची ना."

"किती वर्षं?"

"ती कोण मोजतं? मोजून दाखवायची कुणाला होती?"

थोड्या वेळाने तिने वही पुन्हा ओढून घेतली, रकान्यांवरून बोट फिरविले, आणि 'कडाडून थंडी वाजणे' यासाठी यात जागा कोठे आहे असे विचारले. वाफ गेल्यावर जी थंडी भरायची तीच मेली फार वाईट, म्हणाली. मी वहीत तसा रकाना ठेवलेला नव्हता. पट्टी घेऊन उभी रेघ मी तिच्यासमोरच आखली.